तक्त्यावरचा डावा हात

“उजवं म्हणजे त्याचं उजवं. आपलं नाही.”

हे वाक्य तक्तेबाईनं आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल, ते तिलाही सांगता आलं नसतं. परिचारिकांच्या शाळेत नव्यानं आलेल्या मुलींना ऐकवलं, शेजारणींना ऐकवलं, दारात आलेल्या दूधवाल्यालाही ऐकवलं. कोणी वाटसरूनं रस्ता विचारला तर ती त्याच्यासमोर उभी राहून त्याचं डावं-उजवं सांगायची. सांगणारा आपलंच डावं-उजवं सांगतो, अशी लोकांना सवय. त्यामुळं तो बिचारा तिनं बरोबर सांगितलेलं मनातल्या मनात उलटं करून घ्यायचा आणि भलत्याच गल्लीत शिरायचा. “मी काय करू?” ती म्हणायची. “मी तर त्याच्या अंगात शिरून सांगितलं होतं.”

माणसाच्या शरीराचे मोठमोठे तक्ते रंगवणं हा तिचा धंदा. शाळेच्या भिंतींवर टांगायला ते लागत. मांजरपाट ताणून बसवायचा, त्यावर डिंक आणि खडूच्या भुकटीचा हात फिरवायचा, वाळला की काचेच्या गोट्यानं घोटायचा. कापड असं गुळगुळीत झालं की मग त्यावर माणूस उगवायचा. आधी हाडं, हाडांवर स्नायू, स्नायूंमधून वाट काढत निघालेल्या लाल-निळ्या वाहिन्या आणि पिवळ्या नसा. शाळेतल्या मुलींनी तिला तक्तेबाई नाव दिलं ते गावभर झालं. खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागायचं.

नवरा शिंपी होता. रस्त्याकडच्या खोलीत त्याचं दुकान, मागच्या खोलीत संसार. ती पहिल्यांदा त्याच्या दुकानात आली ती कापड मागायला.

“किती कापड देऊ?” त्यानं विचारलं.

“एक माणूस मावेल एवढं.”

“सदरा शिवायचाय का विजार?”

“काहीच नाही. माणूस उघडाच आहे.”

शिंप्याची कात्री हवेत राहिली. “उघडा म्हणजे?”

“अगदी कातडीसुद्धा नाही.”

दुसऱ्या दिवशी ती परत आली. पुस्तकातला माणूस तिला पोस्टाच्या तिकिटासारखा चपटा वाटत होता. खरा माणूस हवा होता, उभा राहणारा. गिऱ्हाइकांच्या मापात आयुष्य गेलेल्या शिंप्याचं माप घ्यायला पहिल्यांदाच कोणीतरी आलं होतं. तो लाजत लाजत तयार झाला.

“सरळ उभे राहा. नजर समोर. पाय जुळवा. हात बाजूला मोकळे सोडा. आता तळवे पुढं करा, अंगठे बाहेरच्या अंगाला.”

“असा कोण उभा राहतो?”

“कोणीच नाही. म्हणून तर ठरवून घ्यावं लागतं. माणूस झोपलेला असो, बसलेला असो, झाडावर उलटा लटकलेला असो, त्याच्याबद्दल बोलायचं ते तो असा उभा आहे असं धरून. मग डॉक्टर बोलू दे नाहीतर नर्स बोलू दे, जागा एकच कळते.”

कित्येक दुपारी तो तसा उभा राहिला. तळवे पुढं धरून धरून दोन्ही हात दगड व्हायचे. तिनं शिंप्याचाच खडू घेतला आणि समोरच्या मांजरपाटावर डोक्यापासून पायापर्यंत उभी सरळ रेघ ओढली. “ही मध्यरेषा. शेताला बांध असतो तशी. नाक हिच्याजवळ, कान हिच्यापासून लांब. खांदा हाताच्या मुळाशी, बोटं हाताच्या टोकाला. वर-खाली, इकडे-तिकडे असं मोघम बोलायचं नाही.”

तक्ता पुरा व्हायच्या आत लग्न ठरलं. “आधी आतडी मोजली, मग होकार दिला,” असं ती पुढं सगळ्यांना सांगायची. तक्त्यावरच्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता, कारण शिंप्याचा तसा होता. कापडाची ठाणं वाहून वाहून झुकलेला. शाळेच्या बाईंनी चूक काढली तेव्हा तक्तेबाई म्हणाली, “देवाची चूक आहे, मी फक्त उतरवून घेतली.”

संसार चांगला झाला. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी वाटून घेतलं आणि फार बोलून दाखवलं नाही. संध्याकाळी तो काज करायला बसायचा, ती ब्रश धुवायची, आणि त्यांचं बोलणं सुरू व्हायचं.

“सगळ्यात लहान ती पेशी,” ती म्हणायची. “सारख्या पेशी एकत्र आल्या की ऊती. ऊती मिळून अवयव. अवयव मिळून संस्था. पचनाची एक, श्वासाची एक, रक्ताची एक. सगळ्या संस्था मिळून माणूस.”

“म्हणजे सूत, कापड, बाही, सदरा,” तो मान वर न करता म्हणायचा.

“सदरा श्वास घेत नाही.”

“गिऱ्हाइकानं घातला की घेतो.”

तिच्या तक्त्यांवर माणसाचे काप असायचे. एक काप उभा, डावं-उजवं वेगळं करणारा. एक पुढा आणि पाठ वेगळी करणारा. एक आडवा, वरचं खालच्यापासून तोडणारा. शिंपी म्हणायचा, “मी सदऱ्याचा पुढा कापतो, पाठ कापतो. तू माणसाची कापतेस. धंदा एकच आहे गं आपला. फक्त माझं गिऱ्हाईक परत येतं.” त्यावर ती हसून हसून ब्रशचं पाणी सांडायची.

अशी वर्षं गेली. केस पिकले. आणि एका सकाळी सुईत दोरा ओवता ओवता शिंप्याला वाटलं की दोरा लांबच लांब होत चाललाय, नदीसारखा, आणि सुईचं भोक खूप लांब, पलीकडच्या काठावर आहे. मग तो काठही धूसर झाला.

दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याला सगळं जागच्या जागी वाटलं. खोली होती, खाट होती, खिडकी होती, बायको होती. तपासायला घरी आलेले डॉक्टर काहीतरी सांगत होते, मेंदूच्या उजव्या अंगाला रक्त अडलं, त्यामुळं शरीराचं डावं अंग विसरल्यासारखं झालं. हातापायात ताकद आहे, पण त्यांच्याकडं यांचं लक्षच जात नाही. डावीकडचं जगच यांच्यासाठी नाही. शिंप्यानं ते ऐकलं आणि दुसऱ्याच कोणाच्या दुखण्याची गोष्ट ऐकावी तशी मान हलवली. त्याचं काही हरवलं नव्हतं. हरवलेल्या वस्तूची जागा रिकामी दिसते. त्याला कुठं रिकामं दिसतच नव्हतं.

फक्त माणसं विचित्र वागू लागली होती. जेवण संपलं म्हणून तो हात धुवायला निघाला की बायको ताट फिरवायची, आणि ताटात पुन्हा जेवण यायचं. दाढी केली की ती पुन्हा वस्तरा घेऊन यायची. दाराच्या चौकटी मध्येच सरकून त्याच्या खांद्यावर आपटायच्या. माणसं कुठूनशी एकदम उगवायची आणि कुठंशी विरून जायची, धुक्यात गुरं चरावीत तशी. वाईट नव्हतं ते. उलट फार शांत होतं. दुपारी उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत सरकत एका ठिकाणी येऊन संपायचा, आणि त्याच्यापुढं काही आहे असं त्याच्या मनातही यायचं नाही.

त्याची मोठी बहीण, अक्का, मदतीला येऊन राहिली होती. एके दिवशी अंथरुणात त्याच्या हाताला दुसरा एक हात लागला. कोमट, जड.

“अक्का,” तो म्हणाला, “कोणीतरी हात विसरून गेलंय इथं.”

“अरे, तुझाच आहे तो!”

“माझा हा,” त्यानं उजवा दाखवला. “हा तुझा असेल.”

“माझे दोन्ही माझ्यापाशी आहेत, बाबा,” अक्का म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून मागं गेली.

जरा बरं वाटल्यावर तो हट्टानं कापायच्या मेजाशी बसला. शेजारच्या लहान मुलाचा सदरा शिवायचा राहिला होता. दिवसभर राबून त्यानं शिवला, इस्त्री केली, घडी घातली आणि समाधानानं अक्काच्या हातात दिला. अक्कानं घडी उलगडली. एकच पुढा, एकच बाही. काजं सुबक, पण बटणं लावायला समोर पुढाच नाही. पाठ अर्ध्यावर कापलेली.

“याची दुसरी बाजू?” अक्कानं विचारलं.

“आहे की.”

“कुठाय?”

“सदऱ्याला कुठं असते?” शिंपी चिडला. “तिथंच.”

त्याच आठवड्यात तो एकटाच दाराबाहेर गेला आणि डावीकडून येणाऱ्या हातगाडीसमोर चालता झाला. गाडीवाल्यानं शिव्या घातल्या, पोती सांडली. शिंप्याला ती गाडी आकाशातून पडल्यासारखी वाटली.

त्या संध्याकाळी अक्का आणि तक्तेबाई मागच्या खोलीत बोलत होत्या आणि तो खाटेवर पडून ऐकत होता.

“वहिनी, मी किती दिवस राहणार? मलाही घर आहे. आणि तू शाळेत गेलीस की याच्याजवळ कोण? मी याला माझ्याकडं नेते. चार माणसं आहेत, अंगण आहे. पडून राहील.”

“पडून राहील,” तक्तेबाई म्हणाली. फक्त तेवढंच.

“मग तू काम सोड.”

“काम सोडलं तर मी पडून राहीन, वन्सं.”

“हातातला तक्ता पुरा कर, तोवर थांबते. मग नेते. तू रागावलीस तरी.”

अक्काच्या घराचा विचार केला तर तिथं शिंप्याला एक खाट दिसायची आणि खाटेच्या पुढं काहीच नाही. त्याला त्याचं मेज हवं होतं, कात्रीचा करकर आवाज हवा होता, मागच्या खोलीतला रंगाचा वास हवा होता. पण काय चुकतंय तेच कळत नसेल तर माणसानं दुरुस्त करायचं तरी काय?

तक्तेबाईनं शाळेचा तक्ता बाजूला ठेवला आणि त्याच्यासाठी एक नवाच काढला. पाठमोरा माणूस. मणका, खांद्याची पाती, पोटऱ्या. खाटेच्या समोर टांगला.

“बघा. हा तुमच्यासारखाच तोंड पलीकडं करून उभा आहे. तुमचं डावं तिकडंच याचं डावं. काही उलटंपालटं नाही. याच्या मागं मागं चालायचं. डावा हात कुठाय याचा?”

शिंप्यानं पाहिलं. छान माणूस होता. एक हात, एक पाय, अर्धा मणका, सगळं नीट रंगवलेलं.

“असेल की,” तो म्हणाला. “बरा जमलाय.”

ती रोज विचारायची. तो रोज म्हणायचा, बरा जमलाय. तिचा आवाज रोज थोडा खाली जायचा. एका दुपारी तिनं काही विचारलंच नाही. तक्त्यासमोर बसून राहिली, मग एकदम कपाळावर हात मारून घेतला.

“वन्सं! अहो वन्सं! जगाला शहाणपण शिकवलं मी, आणि घरात माती खाल्ली!”

“काय झालं गं?” अक्का हातातलं काम टाकून आली.

“यांच्या सोयीचं म्हणून मी पाठमोरा काढला. डाव्यासमोर डावं. पण यांना डावीकडचं दिसतच नाही, तर त्याचा डावा दिसणार कसा? आंधळ्या खिडकीत दिवा ठेवला मी!”

तिनं फळीवरची जुनी गुंडाळी काढली. तिचा पहिला तक्ता. शाळेत वापरून विरला तेव्हा तिनं नवा करून दिला होता आणि हा घरी आणला होता. पाठमोरा उतरवून तिनं तो टांगला. समोरून उभा माणूस, तळवे पुढं.

शिंप्याचा डोळा लागला होता. अर्धवट झोपेत तो एका बांधावरून चालत होता. बांधाच्या एका अंगाला शेत होतं, हिरवंगार, वाऱ्यानं हलणारं. दुसऱ्या अंगाला काय होतं ते बघायचं त्याच्या मनात येत नव्हतं. कोणीतरी त्या शेतातून त्याला हाक मारत होतं. आवाज ओळखीचा होता. त्यानं डोळे उघडले.

समोर कोणीतरी उभं होतं. एक खांदा बोटभर खाली झुकलेला, त्याखाली लांब मोकळा हात, तळवा पुढं, अंगठा बाहेर.

“कुठला हात?” तक्तेबाईनं हळूच विचारलं.

इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य त्याच्या हाडात मुरलं होतं. “डावा,” तो म्हणाला. “त्याचं डावं.”

“आणि माणूस कोण?”

“मी. खांदा पडलाय बघ.” मग तो थांबला. त्याच्या कपाळाला आठी पडली. “अगं, पण उजवा कुठं गेला?”

तक्तेबाईनं तक्ता हातानं ताणून सरळ केला.

“मी दोन्ही तळवे पुढं धरून उभा होतो. हात भरून यायचे. दोन होते, मला चांगलं आठवतंय. तू उजवा काढला नाहीस का?” त्यानं स्वतःचा उजवा हात उचलून पाहिला. “हा तर आहे. मग तक्त्यावर का नाही?”

“काढलाय.”

“मग दिसत का नाही?”

ती जवळ आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज शाळेत शिकवताना असायचा तसाच ठेवला होता. “तुम्ही सांगा.”

शिंपी तक्त्याकडं आणि आपल्या हाताकडं आळीपाळीनं बघत राहिला. दुखणं आल्यापासून पहिल्यांदाच त्याला काहीतरी कमी आहे असं जाणवत होतं. आणि कमी होता तो उजवा हात, जो त्याच्याकडं नक्की होता. म्हणजे हात गेला नव्हता. बघणंच कुठंतरी आखूड पडत होतं. कापड ठाणात आहे, पण मापपट्टीच फाटलीय.

“माझं बघणं पुरं पडत नाहीये,” तो म्हणाला. “होय ना?”

“होय.”

“आणि तो सदरा...”

“अर्धाच होता.”

अक्का दारात उभी होती. शिंपी हसायला लागला, मग रडायला लागला, आणि दोन्हींच्या मध्ये कधीतरी म्हणाला, “इस्त्री मात्र झकास केली होती.”

त्या दिवसापासून ती त्याला वाट चालायला शिकवू लागली. समोरच्या तक्त्यावर त्याच्या उजव्या हाताचं बोट आणि त्याच्या अंगावर तिचं बोट. “मध्यरेषेवर उभे राहा. छातीचं मधलं हाड. आता मध्यापासून लांब जायचं. हे गळ्याखालचं आडवं हाड, याच्यावरून चालत चालत खांदा. आलं हाताचं मूळ. आता मुळाकडून टोकाकडं. दंड. कोपर. मनगट. तळवा. आता तक्ता सोडा, स्वतःकडं बघा. मान वळवा. अजून. अजून. आलं टोक?”

“आलं,” तो म्हणायचा, आणि स्वतःच्या बोटांकडं असा बघायचा जणू दूरगावचे पाहुणे दारात आलेत.

काही दिवस वाट सापडायची, काही दिवस खांद्यापाशीच हरवायची. एकदा कोपरापर्यंत येऊन त्यानं हट्टानं सांगितलं की पुढचा हात अक्काचा आहे. “घे मग,” अक्का म्हणाली, “भांडी घासून दे त्यानं माझ्या वाटणीची.” तो इतका हसला की हसता हसता ती बोटं हलली, आणि तिघंही एकदम त्या बोटांकडं बघू लागली.

मापं घेताना तो आता सदऱ्याच्या मध्यरेषेवर खडूची रेघ ओढायचा आणि दोन्ही अंगांना बोट लावून यायचा, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा. काम मुंगीच्या पावलानं व्हायचं. ताटावर बसलं की तो आधी मध्ये बोट ठेवायचा, मग मान वळवायचा. एके दिवशी अक्कानं मुद्दामच ताट फिरवलं नाही. त्यानं अर्धं जेवून बोट ठेवलं, मान वळवली आणि म्हणाला, “अक्का, इकडं मीठ वाढायचं राहिलंय.”

अक्कानं मीठ वाढलं. जेवणं झाल्यावर ती आपली पिशवी भरायला लागली.

“कधी निघायचं?” शिंप्यानं विचारलं.

“मी उद्या निघते,” अक्का म्हणाली. “तुझं काय काम माझ्याकडं? शिवणाची कामं पडलीत तुझी. माझी दोन झंपरं शिवून पाठव. बाह्या दोन्ही लाव म्हणजे झालं.”

अक्का गेली. त्यानंतर काही दिवसांनी तक्तेबाईनं शाळेचा राहिलेला तक्ता पुरा केला. छातीची पोकळी, पोटाची पोकळी, आणि मध्ये श्वासाबरोबर वर-खाली होणारा तो पातळ स्नायूचा पडदा. तक्ता वाळल्यावर तिनं गुंडाळला, खांद्यावर घेतला आणि दारात थांबली. तिच्यानं पाऊल उचलवेना.

“अहो, मी संध्याकाळपर्यंत येते. रस्ता ओलांडू नका.”

“नाही ओलांडत.”

“कोणी आलं तर बसवून ठेवा. विस्तवाजवळ जाऊ नका.”

“अगं, जा ना आता. तुझ्या मुली वाट बघत असतील. आतडी वाळून जातील त्यांच्या माणसाची.”

ती हसली आणि उंबरा ओलांडून गेली. शाळेचा रस्ता त्याच्या डाव्या अंगाला होता. शिंपी दुकानाच्या दारात आला आणि चौकट धरून उभा राहिला. समोर रस्ता होता, ऊन होतं, पलीकडं एक कुत्रं झोपलं होतं. बायको कुठंच नव्हती. क्षणभर जुनी शांतता त्याच्या अंगावर पसरू लागली, सगळं पुरं असल्यासारखी. त्यानं छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं. मग खांदा. मग मान वळवली. ऊन संपलं नव्हतं, पुढंही होतं. अजून वळवली. भिंत होती, भिंतीला टेकलेली सायकल होती. अजून थोडी वळवली, मानेची शीर ताणली गेली, आणि दूर, रस्त्याच्या अगदी कडेनं, खांद्यावर पांढरी गुंडाळी घेतलेली ती चालली होती, घाईघाईनं, एका हातानं निऱ्या सावरत. ती वळणाआड जाईपर्यंत तो तिच्याकडं बघत उभा राहिला.